आमची छत्री आणि आजीचा शेवगा

मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा दूरचित्रवाणीच्या छत्रीवर मी लेख लिहावा हे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरी जो प्रसंग आला, त्यात भूगोलाच्या तासाला शिकलेले कामी आले, म्हणून हे धाडस.

घरात टीव्ही होता, पण खासगी सेवेचे महिन्याचे पैसे भरणे अण्णांना जड जात असे. मजुरी कधी असते, कधी नसते. म्हणून आम्ही प्रसार भारतीची फ्री डिश घेण्याचे ठरविले. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. खर्च एकदाच, नंतर मासिक वर्गणी नाही, आणि आजीला हवी असलेली सह्याद्री वाहिनी तीवर दिसते. बॉक्स घेताना एवढे पाहावे की तो एमपेग-४ प्रकारचा आहे. जुना एमपेग-२ बॉक्स थोडा स्वस्त पडतो, पण काही वाहिन्या त्यावर उघडतच नाहीत.

छत्री बसविणारा कारागीर आला, त्याने पत्र्याशेजारच्या भिंतीवर छत्री धरली आणि म्हणाला, "समोरचं झाड काढल्याबिगर चित्र येणार न्हाई."

समोरचे झाड म्हणजे आजीचा शेवगा. त्याच्या शेंगा आजी आठवडी बाजारात विकते. माझ्या बारावीच्या फॉर्मचे पैसे त्यातूनच आले होते. आजी एवढेच म्हणाली, "मग टीव्ही ऱ्हाऊ दे." अण्णा गप्प बसले. कारागीर 'झाड तोडल्यावर बोलवा' असे सांगून निघून गेला.

मला मात्र चैन पडेना. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या गतीनेच तो फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी स्थिर वाटतो. आमचा सांगली भाग साधारण १७ अंश उत्तर अक्षांश व ७४.५ अंश पूर्व रेखांशावर. म्हणजे उपग्रह आमच्या आग्नेयेला. वहीत आकडेमोड केली तेव्हा क्षितिजापासून त्याची उंची ६० अंश निघाली. पुन्हा केली, तरी तितकीच. मग छत्री झाडाच्या शेंड्याकडे पाहत असल्यासारखी का दिसत होती?

मुद्दा येथेच आहे, आणि अनुभवी माणसेही येथे फसतात. घरगुती छत्री ही पूर्ण वाडग्यासारखी नसून मोठ्या वाडग्याच्या एका कडेचा तुकडा असते. त्यामुळे तिचा लहरी गोळा करणारा डोळा, ज्याला एलएनबी म्हणतात, तो मधोमध न राहता खालच्या दांड्यावर येतो व वाटेत आडवा येत नाही. परंतु यामुळेच छत्रीचे तोंड जिकडे दिसते, त्याहून ती वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. तोंड ३६ अंशांवर शेंड्याकडे, आणि नजर ६० अंशांवर मोकळ्या आभाळात!

साठ अंशांचा हिशेब सोपा आहे. छत्रीपासून अडथळा जितके फूट दूर, त्याच्या पावणेदोन पट उंचीपर्यंत तो चालतो, अर्थात छत्रीच्या पातळीपासून मोजून. शेवगा १५ फूट दूर होता, म्हणजे २६ फुटांपर्यंत हरकत नव्हती. काठीच्या व झाडाच्या सावलीवरून उंची काढली. शेंडा छत्रीच्या वर जेमतेम १२ फूट होता. (कारागिरावर माझा राग नाही. त्याला दिवसाला कितीतरी घरे करायची असतात.)

मग अण्णा आणि मी स्वतःच बसवायला घेतले. खांब ओळंब्यात उभा हवा, तो कललेला असला तर पुढचे सगळे अंश खोटे. मोबाईलचे होकायंत्र पत्र्याजवळ चुकते, म्हणून ते दूर अंगणात धरून दिशा घेतली. शेजाऱ्याच्या छत्रीची नक्कल करू नये, कारण तिचा उपग्रह बहुतेकदा निराळा असतो. छत्रीची नजर दोन-तीन अंशांचीच अरुंद असते. तेव्हा ती बोटभर सरकवायची, थांबायचे आणि आतून ओरडून विचारायचे. पडद्यावर 'स्ट्रेंग्थ' व 'क्वालिटी' असे दोन पट्टे असतात. पहिला वायर जोडताच दिसू लागतो व उगीच आशा लावतो. खरा पट्टा क्वालिटीचा. आमचा दोन तास शून्यावर होता. अण्णा खांब धरून उन्हात उभे होते आणि एका शब्दाने मला बोलले नाहीत.

मग आतून आईची हाक आली, "हिरवं झालं गं बाई!" शेवटी एलएनबी थोडी फिरवून पट्टा आणखी वाढविला आणि नट आवळले.

जाता जाता एक गोष्ट. १९७५-७६ साली देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखविण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला होता. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हाची छत्री कोंबड्यांच्या जाळीची, दहा फूट रुंद होती. आजची दोन फुटांची पुरते, कारण उपग्रह अधिक जोरकस आणि लहरी आखूड. पण या आखूड लहरींना जोराचा पाऊस सोसत नाही. जूनमधल्या पहिल्याच वळवात चित्र गेले. आजीने माझ्याकडे पाहिले, मग शेवग्याकडे. मी म्हणालो, "झाडाचं काही नाही आज्जी, ढग सरू दे." वीस मिनिटांनी चित्र परत आले.