क्षारांचीं नांवें व त्यांचा शेताशीं संबंध

शिरोळ तालुक्यांत कृष्णा-पंचगंगेकांठच्या काळ्या जमिनींवर उन्हाळ्यांत पांढरें फूल येतें, त्यास आपण सरसकट 'मीठ फुटलें' म्हणतों. परंतु मीठ एकाच जातीचें नसतें, व जात न ओळखतां केलेला उपाय म्हणजे अंधारांत मारलेला दगड होय.

क्षार हा दोन भागांचा बनतो. एकावर धन विद्युद्भार, दुसऱ्यावर ऋण. नांव लिहितांना धन भाग, म्हणजे बहुधा धातु, प्रथम येतो. सातबाऱ्यावर आधीं खातेदाराचें व मग बापाचें नांव लिहिण्यांत आमचें आयुष्य गेलें, त्यामुळें हा क्रम आम्हांस परका वाटला नाहीं. ऋण भाग एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवटीं 'आईड' लागतें; सोडियम व क्लोरीन मिळून सोडियम क्लोराईड, तेंच आपलें खाण्याचें मीठ. प्राणवायूसह गंधक असल्यास बहुधा सल्फेट, नत्र असल्यास नायट्रेट, कर्ब असल्यास कार्बोनेट. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. हिराकस म्हणजे लोहाचें सल्फेट.

घनरूपांत हे भारित कण एकमेकांस घट्ट धरून असतात, म्हणून तव्यावर मीठ तडतडतें पण वितळत नाहीं. त्यास सुमारें 800 अंश उष्णता लागते. पाण्यांत विरघळतांच कण मोकळे होतात व त्या पाण्यांतून वीज वाहते. माती-परीक्षणांत मोजतात ती विद्युत्वाहकता हीच. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता दर मीटरास 4 डेसीसायमनहून अधिक भरली, तर जमीन खारवट समजावी.

चोपण जमिनीची गोष्ट निराळी. तींत सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसतो, माती घट्ट होते व पाणी मुरत नाहीं. तेथें जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, कामास येतें. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम सल्फेटाशीं जुळून सोडियम सल्फेट होतो. तें पाण्यांत सहज विरघळतें, म्हणून पाण्याबरोबर खालीं धुऊन जातें. मात्र बाहेर जाण्यास चर हवा. चराशिवाय जिप्सम टाकणाऱ्यांचा आम्हांस नेहमी अचंबा वाटतो. आणि जमीन नुसती खारवट असेल तर जिप्समवर पैसा घालूं नये. चर खणून गोड्या पाण्यानें ती धुवावी.

पोटॅशच्या पोत्यावरील नांवही वाचावें. म्युरेट म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. खारवट रानांत क्लोराईड आधींच पुष्कळ असतें. उसाच्या रसांत तें उतरलें कीं गूळ खारट होतो व पावसाळ्यांत त्यास पाणी सुटतें. अशा रानांत पोटॅशियम सल्फेट बरें, किंमत अधिक पडली तरी.