पोट दुखणारं पोर पुन्हा बघ

वारूळवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू होते आहेस, तर पोट दुखणाऱ्या मुलांबद्दल थोडं सांगून ठेवते, बाळ. ओपीडीत अशी मुलं रोज येतील. कुणाला शौचाला खडा झालेला, कुणाला जुलाब-उलट्या, कुणाला जंत. त्या गर्दीत अपेंडिक्सचं एखादंच असतं, आणि पहिल्या काही तासांत तेही बाकीच्यांसारखंच दिसतं. म्हणून एकदा बघून निकाल देऊ नकोस.

मूल दारातून आत येतं तिथूनच तपासणी सुरू कर. कंबरेत वाकून, पाऊल जपून टाकत येतंय का? टेबलावर चढताना थांबतंय का? अपेंडिक्स सुजलेलं मूल शक्यतो हलत नाही, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतं. आईला विचार, गाडीवरून येताना गतिरोधकावर कळ आली का. 2012 साली इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांना नेमका हाच प्रश्न विचारून अभ्यास झाला. अपेंडिक्स निघालेल्या 34 जणांपैकी 33 जणांना गाडी आदळताना दुखलं होतं. आपल्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर हा प्रश्न फुकटात विचारता येतो. मूल चालतं-बोलतं असेल तर उजव्या पायावर एक उडी मारायला सांग आणि त्याच्या तोंडाकडे बघ.

मग क्रम विचार. आधी बेंबीभोवती दुखलं, नंतर उलटी झाली, भूक गेली, आणि दुखणं उजवीकडे खाली सरकलं, ही ओळखीची चाल. आधी उलट्या-जुलाब आणि मागून मुरडा, ही बहुधा गॅस्ट्रोची. पण अपेंडिक्स ओटीपोटात खाली लोंबत असेल तर थोडीथोडी पातळ शौच होते. ‘जुलाब आहेत, म्हणजे गॅस्ट्रोच’ एवढ्यावर घरी पाठवलेली मुलंच दोन दिवसांनी पोट कडक होऊन येतात.

हात ऊन करून घे. डावीकडून सुरुवात कर, दुखरी जागा शेवटी. लहानग्याला आईच्या मांडीवरच तपास, त्याचाच हात तुझ्या हाताखाली ठेव. जोरात दाबून एकदम सोडायची जुनी रीत मुलांवर करू नकोस. बोटाने हलकं ठोकलं तरी पुरतं. एकदा रडवलंस की ते पोट तुला काही सांगणार नाही.

मुलगा असेल तर चड्डी काढून वृषण बघितल्याशिवाय सोडायचं नाही. पीळ पडलेलं वृषण वाचवायला साधारण सहा तास मिळतात, आणि लाजरा मुलगा ‘पोट दुखतंय’ एवढंच म्हणतो. श्वास मोज, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया पोटात दुखतो. लघवी तपास, साखर बघ.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी पुस्तकात शेवटच्या ओळीत असतात, तू त्या वर आण. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखी आणि उलटीने उठलं, तर मण्यार आठव. दंश दुखत नाही, खूण सापडत नाही. पापण्या जड झाल्यात का, गिळताना त्रास होतोय का, हे बघ. दुसरी गोष्ट फवारणीची. टोमॅटो-द्राक्षांच्या बागेतून आलेल्या मुलाच्या तोंडाला लाळ आणि बाहुल्या टाचणीएवढ्या असतील, तर दुखणं अपेंडिक्सचं नव्हे, विषाचं आहे.

मुलांतलं अपेंडिक्स ओळखायला 2002 पासून दहा गुणांचा एक तक्ता वापरात आहे. त्यातले दोन गुण रक्ताच्या तपासणीचे, बाकीचे आठ तुझ्या कान-डोळ्या-हातांचे. पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून निश्चिंत होऊ नकोस. सोनोग्राफीत ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ‘अपेंडिक्स ठीक आहे’ असा होत नाही. शंका राहिली तर चार ते सहा तासांनी तूच पुन्हा तपास. पाच वर्षांखालच्यांत मात्र इतकी वाट बघू नकोस. ती नीट सांगू शकत नाहीत आणि त्यांचं अपेंडिक्स फार लवकर फुटतं. फुटल्यावर थोडा वेळ दुखणं ओसरतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि मग ताप चढतो.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळून आणलेली मुलं येतील, एरंडेल पाजलेली येतील. आईवर ओरडू नकोस. पुढच्या वेळी ती उशिरा येईल. दोन्ही का करायचं नाही ते शांतपणे सांग. वेदना कमी करायला मात्र घाबरू नकोस. औषधाने निदान लपतं ही समजूत जुनी झाली. किलोला 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दे. निदान न करता अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊन घरी पाठवणं, हे खरं लपवणं.

पाठवायचं ठरलं की तोंडाने काही देऊ नकोस, सलाईन लाव आणि 108 बोलाव. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी फोन करून सर्जन आणि भूलतज्ज्ञ आहेत का विचार. नसतील तर थेट पुणे गाठायला सांग. चाकणच्या वाहतुकीत वेळ जातो, तेव्हा मधे थांबणं परवडत नाही. चिठ्ठीवर दुखणं कधी सुरू झालं, शेवटचं कधी खाल्लं आणि तू काय दिलंस, हे वेळेसकट लिही.

आणि ज्याला घरी सोडशील, त्याच्या आईला ‘बरं नाही वाटलं तर या’ असं म्हणू नकोस. ‘संध्याकाळी पाचला या’ असं सांग. पाचला आली नाही, तर आशाताईंना फोन करून त्या घरी पाठव.