पावसाळ्यात ओट्यावर टोमॅटो लावण्याआधी

राजूरला राहत असाल आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर हायड्रोपोनिक सेटमध्ये चेरी टोमॅटो लावायचं मनात असेल, तर जूनमध्ये बी घालू नका. जूनचं बी उगवतं झकास, रोपही डोळ्यांत भरेल असं वाढतं. ऐन श्रावणात फुलं येतात आणि तिथून पुढे काही घडत नाही. माझ्याकडे फुलांचे घोस लागले आणि एकेक करून सगळे गळाले. झाड हिरवंगार, फळ एकही नाही.

सेट भाचीने पुण्याहून आणला होता. खाली पाण्याची टाकी, तिच्यात बोटभर पंप, झाकणाला रोपांसाठी छिद्रं आणि वर दांड्याला एलईडी दिवा. सोबतच्या पत्रकात दिव्याचे तास होते, खताचं प्रमाण होतं. हवेतल्या ओलाव्याबद्दल अक्षर नव्हतं. आमच्याकडे पीक राहतं की जातं ते तर नेमकं त्यावर ठरतं. भंडारदऱ्याच्या बाजूने पाऊस लागला की आवणीच्या दिवसांत मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, दोरीवरचे कपडे आंबूस वास मारतात. फुलातला पराग याच हवेत असतो.

टोमॅटोचं फूल एकदा जवळून बघा. पिवळ्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि मध्ये पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली एक टोकदार नळी. पराग त्या नळीच्या आत आणि स्त्रीकेसरही आतच. म्हणजे एकाच फुलाचं फळ होऊ शकतं, दुसऱ्या झाडाची गरज नाही. फक्त नळी हलली पाहिजे. शेतात ते काम वारा करतो आणि काळे भुंगे करतात. भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, तसा पराग खाली सांडतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. ओट्यावर ना वारा, ना भुंगा. हवेत ऐंशी टक्क्यांवर ओलावा असला की पराग ओला होऊन गोळा होतो आणि नळी हलवूनही सुटत नाही. फुलाच्या देठावर मधोमध एक बारीक गाठ असते. फलधारणा झाली नाही की ती पिवळी पडते आणि फूल तिथूनच तुटतं. गाठ पिवळी दिसली की त्या फुलाचा नाद सोडावा.

यावर उपाय आहे, पण रोज करावा लागतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, हवा जरा कोरडी झाल्यावर, बॅटरीवरच्या टूथब्रशची मागची बाजू घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवायची. फुलाला नाही, देठाला. तो ब्रश नसेल तर देठावर बोटाने हलकी टिचकी मारावी. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात 'रेड रॉबिन' नावाचे बुटके टोमॅटो लावले होते, तिथेही परागीकरण अंतराळवीरांना हातानेच करावं लागलं. शेजारी छोटा पंखा मंद चालू ठेवला तर पानांवरचा दमटपणा कमी होतो आणि बुरशीही कमी येते. एवढं करूनही झडीच्या दिवसांत फळ धरेल याची खात्री मी देणार नाही.

दुसरा घाव विजेचा. झाड पडलं, तार तुटली की वीज किती वेळाने येईल हे कुणी सांगू शकत नाही. दिवा बंद राहिला तर झाड एखादा दिवस सोसतं, पंप बंद राहिलेला सोसत नाही. मुळांना पाण्यातूनच प्राणवायू लागतो. थांबलेल्या पाण्यातला तो मुळं संपवून टाकतात, आणि पाणी जितकं कोमट तितका तो मुळात कमी असतो. मग पांढरीशुभ्र मुळं तपकिरी होतात, बोटाने ओढली की वरची साल हातात येते आणि आतला दोरा उरतो, टाकीला कुजका वास सुटतो. ही मूळकूज पुढे गेली की झाड वाचत नाही. म्हणून वीज गेली की टाकीतलं थोडं पाणी काढून घ्या. वरची निम्मी मुळं ओलसर हवेत राहतील आणि तिथून श्वास घेतील. घरी इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर घ्या, त्याला जेमतेम चार-पाच वॅट लागतात. दिव्याचा भार इन्व्हर्टरवर टाकू नका.

आता खताचं. आपल्याकडे पहिला हात जातो तो कृषी सेवा केंद्रातल्या 19:19:19 च्या पुडीकडे, कारण ड्रिपमधून तेच सोडायची सवय आहे. जमिनीत ते चालतं. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं आणि मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करून देतात. टाकीत ते जिवाणू जवळपास नसतात. शिवाय त्या पुडीत कॅल्शियम नाही. कॅल्शियम कमी पडलं की फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. रोग समजून लोक त्यावर औषध मारतात, पण औषधाचा इथे काही उपयोग नाही. घरात आरओचं पाणी वापरत असाल तर हे आणखी लवकर दिसतं, कारण त्या पाण्यातला चुना गाळून गेलेला असतो. हायड्रोपोनिकचं खत दोन बाटल्यांत येतं ते याचसाठी. एकीत कॅल्शियम, दुसरीत फॉस्फेट आणि सल्फेट. दोन्ही एका पेल्यात कधीही एकत्र करू नका, पांढरा साका बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. आधी एक बाटली टाकीभर पाण्यात, नीट ढवळून मग दुसरी. पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहा ठेवा. तो तपासायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात.

वाणाची निवड मात्र बी घालण्याआधीच व्हायला हवी. पाण्यावरचा टोमॅटो खुरटतो असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक यांनी पाण्यावर वाढवलेले टोमॅटोचे वेल पंचवीस फुटांपर्यंत गेले होते. सेटचा दांडा असतो दोन फुटांच्या आत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले जयश्री' हा चेरी टोमॅटो चांगला, पण तो शेतात लावायचा वाण. ओट्यावर 'मायक्रो टॉम', 'टायनी टिम' किंवा 'रेड रॉबिन' असे बुटके वाणच घ्यावेत. छिद्रं सहा असली तरी रोपं दोनच ठेवावीत, कारण टोमॅटोची मुळं सगळी टाकी व्यापतात. रिकाम्या छिद्रांवर चांदीचा कागद लावावा, नाहीतर उजेड आत जाऊन शेवाळ धरतं. बाजारातली मेथी-कोथिंबिरीची जुडी सेटशेजारी निवडत बसू नये, तिच्यावरचा मावा थेट टोमॅटोवर जातो.

ज्यांच्या दारात चार हात मोकळी जागा आहे त्यांनी टोमॅटोसाठी हा खटाटोप करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तसलं गावरान बी परसात लावावं, कारण परसबागेतल्या टोमॅटोची चव ओट्यावरच्या फळाला मला आलेली नाही. पण वर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, गुडघ्यांमुळे वाफ्यात बसता न येणाऱ्यांना, नोकरीनिमित्त भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना हा सेट खरंच आनंद देतो. त्यांनी पावसाळ्यात त्यात पुदिना, तुळस, लेट्यूस घ्यावं. या रोपांना फूल येण्याची गरज नाही, आपल्याला त्यांचं फक्त पान हवं असतं. टोमॅटोचं बी गणपतीत घालावं. फुलं येईपर्यंत दसरा येतो, हवा कोरडी होते, आणि फळ दिवाळीनंतर लाल व्हायला लागतं. मार्च संपेपर्यंत तोडणी आटोपावी, कारण पुढच्या उन्हाळ्यात पस्तीस अंशांवर फुलं पुन्हा गळतात, या वेळी उष्णतेने.

सेट घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: दिवा किती वॅटचा आहे, दांडा किती उंच होतो, आणि पंपाची वायर दिव्यापासून वेगळी आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर राजूरसाठी तो सेट घेऊ नका.