बागेची सदाहरित किनार

बाग म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें प्रथम फुलांचे रंग उभे राहतात. परंतु ज्याला परसांत भोपळा, काकडी, दोडका यांचे वेल लावावयाचे आहेत, त्यानें रंगाखेरीज आणखी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. तांबड्या भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलें निराळीं व मादी फुलें निराळीं असतात. मादी फुलाच्या तळाशीं इवलेंसें फळ आधींच दिसतें; परंतु नर फुलांतील परागकण त्या फुलाला येऊन मिळाले नाहींत, तर तें फळ पिवळें पडून गळतें. हे कण जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहींत. फूल पहांटे उमलतें आणि दुपारच्या सुमारास मिटतें. तेवढ्या थोड्या वेळांत परागकण वाहून नेण्याचें काम मुख्यतः मधमाश्या करतात. त्या सकाळीं त्या आल्या नाहींत, तर खत घालण्याचे व पाणी शेंदण्याचे सारे श्रम वायां जातात.

आतां, भोपळा फुलतो दोनतीन महिने. मधमाशीला अन्न लागतें बारा महिने. मधला काळ तिनें कसा काढावा? हिंवाळ्यांतील हंगामी फुलझाडें आपला बहर संपवून वाळून जातात. देशावर चैत्र-वैशाखांत विहिरी आटतात. शाळेच्या बागेला तर सुटींत पाणी घालणाराहि मिळत नाहीं. अशा वेळीं ज्यांचीं पानें गळत नाहींत व ज्यांचीं मुळें वर्षानुवर्षें जमीन धरून राहतात, अशीं झुडपेंच उपयोगीं पडतात. तीं ठेंगणीं असलीं म्हणजे भाजीच्या वाफ्यावर सावलीहि पडत नाहीं. म्हणून बागेच्या वाटांना व वाफ्यांना अशा झुडपांची सदाहरित किनार असावी.

परंतु झुडूप हिरवें आहे व त्याला फुलें येतात, एवढ्यावरून तें मधमाशीच्या उपयोगाचें आहे असें ठरत नाहीं. या बाबतींत एका शिक्षकाचें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जर्मनींतील श्पांडाउ येथील शाळेचे मुख्याध्यापक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनीं १७८७ सालीं एका रानफुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशीं बारीक केस पाहिले. निसर्गांत एक केसहि निष्कारण नसावा, असा त्यांचा विश्वास होता. हे केस आंतील मधुरसाचें पावसापासून रक्षण करीत असले पाहिजेत, असें त्यांनीं अनुमान केलें व पुढें अनेक फुलांपाशीं बसून तेथें कोण येतें, कोठें बसतें आणि काय नेतें हें ते पाहत राहिले. त्यांचा ग्रंथ १७९३ सालीं प्रसिद्ध झाला. फूल व कीटक यांच्या संबंधाचें आजचें शास्त्र बव्हंशीं त्या निरीक्षणांवर उभें आहे. आपणहि झाड निवडतांना तीच रीत पत्करावी व पुढील तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : फुलांत अन्न आहे काय, आणि असल्यास तें हातीं लागतें काय? दुहेरी तगरीचें फूल दिसावयास भरघोस. परंतु एकेरी फुलाप्रमाणें त्याचें तोंड मोकळें नसतें व पाकळ्यांच्या गर्दीतून आंत वाट मिळणें कठीण होतें. म्हणून शक्य तेथें एकेरी जात निवडावी. सदाफुली बारा महिने फुलते व पाण्याविनाहि तग धरते; तथापि तिचा मधुरस लांब व अरुंद नळीच्या तळाशीं असतो. लांब सोंडेच्या फुलपाखरांना तो पोंचतो, मधमाशीला सहसा पोंचत नाहीं.

दुसरा प्रश्न : आपण बोलावणें कोणाला करीत आहों? कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानें १९१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मधमाशीला रंग ओळखतां येतात, परंतु आपणांस दिसणारा तांबडा रंग तिला दिसत नाहीं, असें दाखवून दिलें. निळीं, जांभळीं व पिवळीं फुलें तिला चटकन ओळखूं येतात. तांबड्या बकोऱ्यावर, म्हणजे इक्झोऱ्यावर, फुलपाखरें आवडीनें येतात. महाराष्ट्रानें २०१५ सालीं राज्य-फुलपाखरूं म्हणून मान दिलेला नीलवंतहि त्यांत असतो. म्हणून शोभेसाठीं व फुलपाखरांसाठीं बकोरा अवश्य लावावा. परंतु भोपळ्यासाठीं त्याजवर विसंबूं नये.

तिसरा प्रश्न : हें झाड आपल्या मर्यादेंत राहील काय? घाणेरीवर फुलपाखरें झुंबड करतात हें खरें. परंतु पक्षी तिचीं फळें खाऊन बीं दूरवर टाकतात, तिच्या जाळ्या रानें व्यापतात आणि तिचा पाला गुरांना विषारी असतो. एका बागेच्या शोभेसाठीं शेजाऱ्याच्या कुरणाचें नुकसान करणें योग्य नव्हे.

या कसोट्या लावल्या असतां मधमाश्यांसाठीं पहिला मान तुळशीला द्यावा लागतो. तिचीं फुलें अगदीं लहान. परंतु उन्हें वर येतांच सातेरी व फुलोरी माश्या मंजिऱ्यांवर घुमूं लागतात. पानें दाट यावीं म्हणून आपण मंजिऱ्या खुडतों; चारपांच रोपांपैकीं दोन तरी न खुडतां ठेवावीं. वाहत्या पाण्याच्या पाटालगत, जेथें ओल टिकते, तेथें जलपिंपळी पसरूं द्यावी. ती जमिनीला बिलगून वाढते व तिच्या बारीक फुलांवर माश्या नित्य दिसतात. अर्ध्या सावलींत अबोली चांगली येते. तिची फुलें फुलपाखरांना प्रिय आहेत. बकोरा कोंकणांतील तांबड्या मातींत सुखानें वाढतो. देशावरील चुनखडीच्या जमिनींत त्याचीं पानें पिवळीं पडतात, म्हणून तेथें खड्ड्यांत कुजलेलें पालाखत भरपूर घालावें.

झाडें लावल्यावर दोन गोष्टी पाळाव्या. कात्री सगळ्या किनारीवर एकदम चालवूं नये. मेंदीचें कुंपण नित्य कापून भिंतीसारखें सरळ ठेवलें, तर त्याला फूल म्हणून येत नाहीं. यास्तव अर्धी किनार आज छाटावी व ती फुलूं लागल्यावर उरलेली छाटावी. दुसरें, उमललेल्या फुलांवर कीटकनाशक औषध कदापि फवारूं नये. ज्या पाहुण्यांना आपण बोलावलें, त्यांच्याच ताटांत विष वाढल्यासारखें तें होईल.

विद्यार्थिमित्रांनो, रोपें विकत आणण्यापूर्वीं एक काम करा. सकाळीं नऊच्या सुमारास आपल्या आळींतील एखाद्या फुललेल्या झुडपापाशीं वहीपेन्सिल घेऊन पाव तास स्वस्थ बसा. किती माश्या आल्या, किती फुलपाखरें आलीं, कोण नुसतें भिरभिरून गेलें, हें लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या झुडपापाशीं बसा. आठ दिवसांत कोणतें रोप आणावें हें तुमची वहीच सांगेल. मग घरांतील वडील मंडळींना ती दाखवा आणि वाफ्याच्या कडेला हातभर जागा मागून घ्या. भोपळ्याच्या वेलावर जेव्हां पहिलें फळ धरेल, तेव्हां त्यांत तुमच्या पाण्याइतकाच त्या लहानशा कामकऱ्यांचाहि वांटा आहे, हें विसरूं नका.