ट्रॉली कोठे जोडावी?

उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची रांग लागते. बैलगाडीने आजही काही कारखान्यांवर ऊस जातो. पण जड ओझी आता ट्रॅक्टर आणि ट्रक ओढतात.

ट्रॉली घेताना आपण टायर पाहतो. पत्रा पाहतो. रंगसुद्धा पाहतो. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली जेथे एकमेकांना धरतात, ती जागा किती जण पाहतात? ते असते वीतभर लोखंड. त्या वीतभर लोखंडावर कित्येक टन ऊस आणि चालकाचा जीव अवलंबून असतो. म्हणून ट्रॉली कोठे आणि कशी जोडावी, हे आपण या धड्यात पाहू.

बैलगाडी काय शिकवते?

गाडीवान गाडी कशी भरतो, ते आठवा. सारे ओझे चाकाच्या मागे भरले तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. सारे ओझे पुढे भरले तर बैलांच्या मानेवर भार येतो. शहाणा गाडीवान ओझे असे बेतून भरतो, की जू मानेवर हलके टेकून राहावे.

दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. तिच्या ओझ्याचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर टेकतो. हुक म्हणजे ट्रॅक्टरची मानच समजा. मात्र बैलाची मान पुढे असते आणि ट्रॅक्टरची ही मान मागे आहे. सारी गोम येथेच आहे.

खाली दाबणारा भार

एक सोपा हिशेब करू. ट्रॅक्टरच्या पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत २०० सेंटिमीटर अंतर आहे. हुक मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे आहे. हुकावर ५०० किलो भार टेकला आहे. तर पुढची चाके किती हलकी होतील?

५०० ला ६० ने गुणा आणि २०० ने भागा. उत्तर १५० येते. म्हणजे पुढच्या चाकांवरचे १५० किलो वजन कमी झाले.

आता हुक १०० सेंटिमीटर मागे आहे असे धरा. तोच भार असूनही पुढचे वजन २५० किलोने कमी होईल. हुक जितका मागे, तितका ट्रॅक्टर पुढून हलका. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर चाके जमीनच सोडतात. मग काही जण बॉनेटवर माणसे बसवतात. हा फार वाईट उपाय आहे. पुढे वजन हवे असेल तर कंपनीची लोखंडी वजने लावावीत. माणूस म्हणजे वजन नव्हे.

मागे खेचणारी ओढ

दुसरी गोष्ट जोडणीच्या उंचीची. उभ्या माणसाचे खांदे धरून त्याला मागे ओढले तर तो पाठीवर पडतो. कमरेखाली दोर बांधून ओढले तर तो पाय रोवून उभा राहू शकतो. ट्रॅक्टरचे असेच आहे. जोडणी मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खाली असावी. ती वर गेली आणि ट्रॉली चिखलात अडकली, तर मागची चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच पुढून उचलला जातो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो चालकावर उलथतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

एका पुतण्याने काकांना विचारले, "काका, वर जोडली तर दांडा जमिनीला घासत नाही. मग काय बिघडलं?"

काका म्हणाले, "दांडा घासत नाही खरं. पण ट्रॅक्टर उलथला तर तुला कोण आणून देणार, बाबा?"

काकांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे.

जोडण्याच्या तीन जागा

पहिली जागा म्हणजे पक्का हुक. हा ट्रॅक्टरच्या धडाला बोल्टने घट्ट बसवलेला असतो आणि आसाच्या जवळ असतो. खाली दाबणारा भार याला चांगला पेलतो. म्हणून दोन चाकी ट्रॉलीला हुक बरा.

दुसरी जागा म्हणजे ड्रॉबार. ही खालून मागे निघालेली जाड पट्टी असते. ती खाली असल्याने ओढायला उत्तम. पण तिचे टोक मागे लांब असते, म्हणून तिच्यावर फार भार टेकवू नये. जी ट्रॉली आपले ओझे आपणच पेलते, अशा चार चाकी ट्रॉलीला ड्रॉबार बरा.

तिसरी जागा म्हणजे तीन दांड्यांची जोडणी. ही लिफ्टने वरखाली होते. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी ती नांगर व इतर अवजारांसाठी तयार केली. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर पसरली. ती अवजारांसाठी आहे, जड ट्रॉलीसाठी नाही. लिफ्ट चुकून वर गेली तर ओढही वर जाते. वरच्या दांड्याला तर साखळी किंवा दोर कधीच बांधू नये.

दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी ट्रॉली स्वस्त पडते. ती मागे घ्यायला सोपी. तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, म्हणून चिखलात चाकांना पकड मिळते. शेतातले खत, कडबा, थोडा माल यांना ती चांगली.

चार चाकी ट्रॉली महाग पडते. मागे घेताना ती आडवी होते. पण ओझे ती स्वतः पेलते आणि ट्रॅक्टर पुढून हलका होत नाही. लांबच्या वाटेला आणि जड मालाला तीच योग्य. पैसे वाचवावेत हे खरे, पण दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा असतो.

मोठे ट्रेलर काय करतात?

हमरस्त्यावरचा लांब ट्रेलर पाहा. त्याच्या पुढच्या गाडीवर, मागच्या चाकांच्या वरच, ग्रीस लावलेली मोठी तबकडी असते. ट्रेलरची जाड पिन तिच्या खाचेत अडकते. या तबकडीला 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक म्हणतात. भार चाकांच्या वर पडतो, म्हणून पुढची बाजू हलकी होत नाही.

अमेरिकेतले शेतकरी पिकअप गाडीच्या हौद्यात असे करतात. कोणी तबकडी बसवतात. तिच्यावर ट्रेलर डुगडुगत नाही, पण हौदा अडतो. कोणी लोखंडी गोळा बसवतात. त्यावर बदकाच्या मानेसारखी वाकडी दांडी वरून येऊन बसते. जनावरांचे ट्रेलर बहुधा असेच ओढतात. काम झाले की गोळा काढता येतो आणि हौदा मोकळा होतो.

ट्रॅक्टरवर त्या जागी चालक बसतो. म्हणून तेथे जोडणी करता येत नाही. आपण एवढेच करावे, की जोडणी आसाच्या जवळ आणि खाली ठेवावी.

पिन आणि साखळी

जागा योग्य असूनही पिन कच्ची असेल तर सारे फुकट. सळई किंवा जुना बोल्ट पिन म्हणून घालू नये. पिन भोकात नीट बसणारी हवी. तिच्या खालच्या टोकाला अडकवणी हवी, नाही तर खड्ड्यात पिन उडते. शिवाय हुक आणि दांडा यांना जोडणारी मजबूत साखळी लावावी. पिन निसटली तरी साखळी ट्रॉलीला मोकाट सुटू देत नाही. मागून येणारी मोटारसायकल, रस्त्याने शाळेत जाणारी मुले यांचा जीव तिच्यावर आहे.

रोज निघण्यापूर्वी पिन, अडकवणी व साखळी हाताने चाचपून पाहावी. नुसते डोळ्यांनी पाहून भागत नाही.

प्रश्न

१. गाडी उलाळ होते म्हणजे काय होते?
२. हुकावर ४०० किलो भार आहे. हुक आसाच्या ५० सेंटिमीटर मागे आहे. दोन आसांत २०० सेंटिमीटर अंतर आहे. पुढची चाके किती हलकी होतील?
३. तुमच्या गावातली एक ट्रॉली जवळ जाऊन पाहा. ती कोठे जोडली आहे? तिला साखळी आहे का? वहीत चार ओळी लिहा.