घोडा बोलत नाही, पण सांगतो

नाशिकला द्वारकेपाशी मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना मिळतात. पूर्वी नाशिकरोड स्टेशनावरून गावात येणारे टांगे इथूनच जात. पुढे बस आली, रिक्षा आली. टांगे कमी झाले. तरी वरातीला घोडा लागतोच. ज्याचे पोट घोड्यावर, त्याला घोड्याची तब्येत ओळखता आली पाहिजे.

रोज सकाळी साज चढवण्याआधी घोड्याकडे नीट पाहा.

निरोगी घोड्याचे कान हलते असतात. डोळे स्वच्छ असतात. अंगावर चकाकी असते. हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. चंदी दिसली की तो लगेच तोंड घालतो. लीद गोळ्या-गोळ्यांची पडते. स्वस्थ उभा असताना तो मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो. नाडी जबड्याखाली लागते. ती मिनिटाला २८ ते ४४ ठोके पडते.

आता आजाराच्या खुणा पाहू.

घोडा चंदीला तोंड लावत नाही. पायाने जमीन उकरतो. वळून वळून कुशीकडे पाहतो. लोळतो, घामाघूम होतो. हा पोटशूळ. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात अडकले ते वर येत नाही. म्हणून हा आजार जिवावर बेततो. अशा वेळी खाणे बंद ठेवा आणि डॉक्टरला ताबडतोब बोलवा. “थोडा चालला की बरा होईल,” म्हणून त्याला कामाला जुंपू नका.

मागचा एक पाय सैल सोडून घोडा उभा राहिला तर भिऊ नका. तो विसावा घेतो. पण पुढचा पाय पुढे टाकून उभा राहिला, तर तो पाय दुखतो आहे असे समजा. नाल काढून टाप तपासून घ्या. नालाचा खिळा आत गेला असेल, तर धनुर्वाताचे भय असते.

नाकातून चिकट शेंबूड वाहतो, अंगावर गाठी येऊन फुटतात, तर तो शेंबा रोग असू शकतो. हा रोग माणसालाही होतो. घोडा वेगळा बांधा. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कळवा. २००९ च्या कायद्याने हे कळवणे सक्तीचे आहे.

एका दिवसाची कमाई बुडाली तर उद्या भरून निघेल. घोडा गेला तर रोजचीच कमाई गेली.

सांगा पाहू :
१. निरोगी घोड्याच्या हिरड्या कशा असतात?
२. पोटशूळ झालेला घोडा काय काय करतो?
३. शेंब्याचा संशय आला तर तुम्ही काय कराल?