केनियात जुनी गाडी आणि अवजड यंत्र आणताना: नैरोबी-मोंबासातल्या घरांनी लिहून दिलेलं

नैरोबीत नवीन येणारं कुटुंब पहिल्या महिन्यात तीन प्रश्न विचारतं: शाळा कुठली, डाळी-पोहे कुठे मिळतात आणि गाडी कशी आणायची. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. तिसऱ्याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असतं, म्हणून ज्यांनी गाडी किंवा यंत्र परदेशातून आणलंय त्यांना लिहायला सांगितलं. कुणी पानभर लिहिलं, कुणी चार ओळी. भाषा ज्याची त्याची ठेवली आहे, मतंही ज्याची त्याचीच.

१. जपानहून गाडी: क्रमवार (पार्कलँड्समधले एक हिशेबनीस)

1. आधी केआरएचा (केनियाच्या कर खात्याचा) पिन काढा. परमिट किंवा डिपेंडंट पास हातात आल्याशिवाय तो मिळत नाही, आणि पिनशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही.

2. वयाचा नियम: पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी देशात येत नाही. 2026 मध्ये बंदरात उतरणारी गाडी 2019 किंवा त्यानंतर पहिल्यांदा नोंदलेली हवी. डिसेंबरात जहाजावर चढवून जानेवारीत उतरणारी गाडी या नियमात अडकते. वर्षअखेरीला काठावरची गाडी घेऊ नका. स्टिअरिंग उजवीकडेच हवं.

3. कर. इथे सगळे फसतात. कस्टम्स तुमचं बिल बघत नाही. केआरएची नव्या गाड्यांच्या किमतींची यादी असते. त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करून मूल्य ठरवतात. 2023 पासून आयात ड्यूटी 35 टक्के आहे. मूल्य अधिक ड्यूटी, यावर अबकारी: 1500 सीसीपर्यंत 20 टक्के, त्यावर 25 टक्के, मोठ्या इंजिनांना आणखी जास्त. या सगळ्याच्या बेरजेवर व्हॅट 16 टक्के. म्हणजे कस्टम्सने धरलेल्या दर 100 शिलिंगांवर 1500 सीसीपर्यंत सुमारे 88 आणि त्यावरच्या गाडीवर सुमारे 96 शिलिंग कर. शिवाय आयात घोषणा शुल्क आणि रेल्वे विकास शुल्क वेगळं. दर जून-जुलैच्या अर्थसंकल्पात हलतात, ताजा आकडा एजंटकडून लेखी घ्या.

4. निर्यातदार: लिलावाचा मूळ तक्ता मागा. ग्रेड 4 किंवा 4.5 चांगला. R किंवा RA म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली गाडी. पैसे फक्त कंपनीच्या नावाच्या बँक खात्यात भरा, एखाद्या माणसाच्या नावावर कधीच नाही.

5. भाव 'सी अँड एफ मोंबासा' (गाडी अधिक जहाजाचं भाडं) मागा. एफओबी भाव स्वस्त दिसतो, त्यात जहाजाचं भाडं नसतं.

6. गाडी जहाजावर चढण्यापूर्वी केब्सने (केनियाच्या मानक संस्थेने) नेमलेल्या संस्थेकडून तपासणी आणि रोडवर्दीनेस प्रमाणपत्र. ते हाती आल्यावरच उरलेले पैसे भरा.

7. सागरी विमा केनियातल्या कंपनीचाच काढायचा.

8. मूळ बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालपावती), खरेदीचं बिल, जपानी निर्यात प्रमाणपत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, तपासणी प्रमाणपत्र. हे सगळं कुरिअरने जहाजाच्या आधी पोचलं पाहिजे. योकोहामा किंवा नागोयाहून जहाजाला साधारण महिना-दीड महिना लागतो, तेवढा वेळ पुरतो.

9. परवानाधारक क्लिअरिंग एजंटशिवाय काम होत नाही. फी आधी ठरवा. 'बाकी किरकोळ' या शब्दांवर सही करू नका.

10. शेवटी ईसिटिझन या सरकारी पोर्टलवरून एनटीएसएची (वाहतूक प्राधिकरणाची) नोंदणी, नंबर प्लेट, लॉगबुक. लॉगबुकावर स्वतःचं नाव बघितल्याशिवाय एजंटचा शेवटचा हप्ता देऊ नका.

२. एका आकड्याची गोष्ट (वेस्टलँड्समधलं कुटुंब)

वरचे दहा मुद्दे अगदी बरोबर आहेत. आम्ही दहाही पाळले होते. तरीही आमची फिल्डर गाडी मोंबासाच्या यार्डात अडकली, कारण जहाज कंपनीच्या माणसाने बीएलवर चेसिस नंबर टाइप करताना 3 च्या जागी 8 लिहिला. निर्यात प्रमाणपत्रावर बरोबर, तपासणीच्या दाखल्यावर बरोबर, बीएलवर चूक.

आता बघा गंमत. मोंबासाचं ऑफिस म्हणालं, दुरुस्ती जपानहून व्हायला हवी. जपानचं ऑफिस म्हणालं, माल उतरलाय, आता दुरुस्ती मोंबासाची. कस्टम्सच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, तुमच्या कागदांप्रमाणे इथे उभी असलेली गाडी तुमची नाहीच. आणि हे सगळे एकमेकांकडे बोट दाखवत असताना यार्डाचं भाडं रोज डॉलरमध्ये चढत होतं. एजंट फोन उचलायचा तेव्हा 'उद्या, मामा, उद्या' म्हणायचा (इथे मामा म्हणजे बाई). सौ.ने एकदा त्याला विचारलं की तुझ्या उद्याची तारीख काय. त्यावर तो मनापासून हसला आणि फोन ठेवला.

शेवटी दुरुस्तीपत्र आलं, त्याचा दंड भरला, नंतर भाडं भरलं, नंतर भाड्यावरचा व्हॅट भरला. गाडी ताब्यात आली तेव्हा स्टेपनी नव्हती, जॅक नव्हता, मागचे दोन स्पीकर नव्हते. स्पीकरच्या जागी व्यवस्थित कापलेल्या वायरी होत्या, टेप गुंडाळून. काम करणारा माणूस नीटनेटका असावा.

आयुष्यभर तलाठी कार्यालयाला नावं ठेवत आलो. भाऊसाहेब, जिथे असाल तिथे सुखी असा.

तात्पर्य एवढंच: जहाज कंपनी बीएलचा मसुदा मेलवर पाठवते. तो उघडा आणि चेसिस नंबर मोठ्याने, एकेक आकडा वाचत, निर्यात प्रमाणपत्राशी आणि तपासणीच्या दाखल्याशी ताडा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. आणि गाडीत स्वतःचं काही सामान ठेवू नका, पापडाचा डबासुद्धा नाही.

३. अवजड यंत्रं (मूळचे कोल्हापूरचे, आता थिका रोडला खडीक्रशर)

कारवर सगळे लिहितील, म्हणून मी यंत्रावर लिहितो.

माप. साध्या कंटेनरच्या दाराची रुंदी सुमारे 2.34 मीटर, उंची सुमारे 2.28. हाय क्यूब घेतला तर उंची 2.58 पर्यंत मिळते. बॅकहो लोडर (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी त्याला जेसीबीच म्हणतात) तीन मीटरच्या आसपास उंच असतो, आत जात नाही. छोटा एक्स्कॅव्हेटर बूम आणि बकेट काढल्यावर आत बसतो. बाकी यंत्रांना फ्लॅट रॅक किंवा रो-रो जहाज. स्वतः चालत जहाजावर चढणारं यंत्र रो-रोने स्वस्त पडतं. न चालणाऱ्याला चाकांच्या गाड्यावर ठेवून चढवतात, त्याचा दर वेगळा लागतो.

घेण्यापूर्वी. तासांच्या मीटरवर विश्वास नको. थंड इंजिन सुरू करतानाचा न कापलेला व्हिडिओ मागा, धुराचा रंग त्यात दिसतो. चेनवाल्या यंत्राच्या अंडरकॅरेजची झीज मोजून लिहून मागा, दुरुस्तीचा मोठा खर्च तिथे असतो. सीरियल प्लेटचा फोटो आणि चेसिसवर ठोकलेल्या नंबराचा फोटो, दोन्ही घ्या. सगळ्या सिलिंडरांच्या रॉड पूर्ण बाहेर काढून दाखवायला सांगा, चरे असतील तर दिसतात.

धुलाई. बकेटमधली, चेनमधली माती प्रेशर वॉशरने घालवून घ्या. परदेशी माती वनस्पती संरक्षणवाल्यांना चालत नाही.

कर. यंत्राचा दर एचएस कोडवर ठरतो, कारच्या हिशेबाने जाऊ नका. कोड एजंटकडून लेखी घ्या. ट्रकच्या चेसिसवर बसवलेली क्रेन किंवा मिक्सर हे वाहन धरलं जाऊ शकतं, तेव्हा घेण्याआधी विचारा.

वीज. नवे लोक इथे हमखास मार खातात. केनियात 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, थ्री फेजला 415. जपानमध्ये घरी 100 व्होल्ट, कारखान्यात थ्री फेज 200. टोकियोकडे 50 हर्ट्झ, ओसाकाकडे 60. ओसाकाहून आलेली मोटार इथे सावकाश फिरते आणि तापते. जनरेटर घेताना 50/60 निवडायची सोय आहे का ते पाहा.

उंची. मोंबासा समुद्रसपाटीला, नैरोबी सुमारे 1,800 मीटरवर. टर्बो नसलेलं डिझेल इंजिन नैरोबीत दमतं. जनरेटर गरजेपेक्षा एक माप मोठा घ्या.

वाहतूक. मोंबासा ते नैरोबी सुमारे 480 किलोमीटर. लो-लोडर लागतो. वाटेतला मारियाकानीचा वजनकाटा चुकत नाही, आणि यंत्र रुंद असेल तर महामार्ग प्राधिकरणाचा परवाना लागतो. चालकाला 'जमेल तसं बघ' सांगू नका, त्याला जसं जमतं तसं जमवायचे पैसे तुमच्याकडूनच जातात.

सुटे भाग. ज्या कंपनीचा फिल्टर नैरोबीच्या ग्रोगन बाजारात मिळत नाही, ते यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

४. भारतातली गाडी आणावी का?

बदलीने येणाऱ्या कुटुंबाला एक गाडी करमाफीने आणता येते. अट अशी की ती तुमच्या नावावर आणि तुमच्या वापरात परदेशात किमान बारा महिने असावी. भारतात आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणि कर्जाचा बोजा उतरवल्याची नोंद आधी करून घ्या. अर्ज इथे पोचल्यावर लगेच करायचा, नंतर कुणी ऐकत नाही. ही गाडी पुढे इथे विकायची तर माफ झालेला कर आडवा येतो.

५. पूजा आणि बाकीचं (मोंबासाच्या काकू, पत्र मोठं होतं, थोडं कमी केलं आहे)

ड्यूटी, बीएल, हर्ट्झ सगळं लिहून झालं, पण गाडी दारात आल्यावर काय करायचं ते कुणी लिहिलं नाही. नारळ मोंबासात पावलोपावली, त्यामुळे सबब नको. गाडी आल्या दिवशी हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ, पेढे. शेजारच्या घरांतही पेढे द्यायचे. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ. इथे झेंडू मिळतो, फक्त दोन दिवस आधी सांगावं लागतं. आमच्या यजमानांच्या वर्कशॉपमधले फुंडी (मिस्त्री) खंडेनवमीला स्वतः हत्यारं मांडून ठेवतात आणि 'मामा, नारळ?' म्हणून आठवण करतात. त्यांना आठवण राहते आणि आपल्या पंचविशीतल्या मुलांना राहत नाही, याची मला लाज वाटते.

दुसरं. जपानी गाडी सुरू केली की आतून एक बाई जपानीत बोलते. टोलचं कार्ड घातलं नाही असं काहीतरी सांगते. आमच्या नातवाला ते वाक्य तोंडपाठ आहे. त्याला 'शुभं करोति' येत नाही. गाडीत तासन् तास जातात, तेवढा वेळ मराठी बोला. नाकुरूला जाताना भेंड्या लावा. नाहीतरी त्या गाडीचा रेडिओ जपानी असतो, इथली बरीच स्टेशनं त्याला लागत नाहीत. (संकलक: बँड एक्सपँडर नावाचा छोटा भाग बसवला की लागतात. काकूंना हे मुद्दाम सांगितलेलं नाही.)

बाहेर दिसणाऱ्या बोडाबोडांत (भाड्याच्या मोटरसायकलींत) बजाज किती असतात ते मुलांना मोजायला सांगा. पुण्याची कंपनी आहे हेही सांगा.

६. विमा, लायसन्स

गाडीचा स्थानिक विमा रस्त्यावर आणण्याआधी घ्या, किमान थर्ड पार्टी सक्तीचा आहे. लायसन्सचं काम एनटीएसएकडे.

७. आणूच नका (किलिमानीतलं तरुण जोडपं, ताजा अनुभव)

सगळ्यांचा मान ठेवून सांगतो: दोन-तीन वर्षांच्या करारावर आला असाल तर काहीच आयात करू नका. नैरोबीतल्या यार्डांत त्याच जपानी गाड्या उभ्या आहेत, कर भरलेल्या, चालवून बघता येणाऱ्या. ज्या फुंडीचं तुमच्या शेजाऱ्याशी चांगलं आहे त्याला सोबत न्या. एनटीएसएच्या नोंदीत गाडीवर कर्ज किंवा हरकत आहे का ते तपासा. पैसे दिल्या दिवशीच लॉगबुकाच्या बदलीचा अर्ज विक्रेत्याच्या मोबाइलवरून त्याच्यासमोर करून घ्या, उद्यावर ठेवू नका. प्रोबॉक्स, फिल्डर, डेमिओ असलं काही घेतलं तर जाताना आठवड्यात विकलं जातं. हौसेची गाडी घेतली तर ती विकायला परत याच यार्डात उभी राहते, आणि तुम्ही पुण्यात बसून भाव विचारत राहता.